हजरीचं पाखरू

१

मोजायचं नाही, वर बघायचं नाही, फक्त "हाय" म्हणायचं.

आमच्या गल्लीत हा नियम पोरांना नीट चालता यायच्या आत सांगतात. पुढे "का" विचारलं की पाठीत धपाटा बसतो. मला तो बऱ्याचदा बसलेला आहे.

आमचं गाव धर्मापुरीपासून चार किलोमीटर आत. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. ट्रॅक्टर भरून टोळ्या निघतात, घरांना कुलपं लागतात, कुलपापुढे कुत्री बसू नयेत म्हणून बाभळीची काटेरी फांदी आडवी टाकतात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि म्हशी. टोळ्या गेल्या की दुसऱ्या दिवसापासून तांबडं फुटताना एक पाखरू गल्लीत येतं आणि एकेका घरापाशी थांबून ओरडतं. घरात मागे राहिलेल्या माणसानं अंगणात उभं राहून त्याच्या प्रत्येक ओरडण्याला "हाय" म्हणायचं, शाळेत हजरी देतात तसं. कुलपाच्या घरांची हजरी शेजारी देतात. गुढीपाडव्याला माणसं परत येईपर्यंत हे रोज. म्हणून त्याचं नाव हजरीचं पाखरू. हजरी चुकली तर गेलेलं माणूस माघारी येत नाही, असं म्हणतात. आजवर कोण आलं नाही, ते मात्र कुणी सांगत नाही.

मला हे सगळं ऐकूनच माहीत होतं. अण्णा आणि माय कारखान्याला गेले की दर हंगामाला मी गेवराईला मामाकडे शाळेत असायचे, पुढे वसतिगृहात. यंदा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला परळीच्या कॉलेजात आहे, म्हणून घरूनच जाऊन-येऊन करते. घरात थोरले चुलते राधाकिशन, त्यांना आम्ही बप्पा म्हणतो, आणि त्यांची बायको छबुबाई, म्हणजे माझी मोठीआई. मोठीआईच्या गळ्याची गाठ उन्हाळ्यात काढली. तेव्हापासून तिच्या तोंडून नुसती हवा येते.

टोळी गेली त्या संध्याकाळी बप्पा म्हणाले, "शिले, उद्यापून हजरी तू द्यायची."

"कावून मी? तुमचा आवाज चांगला खणखणीत हाय की. सरपंचाला शिव्या देताना पार मारुतीच्या देवळापर्यंत जातो."

"मला न्हाई जमत."

"समोरचे विठ्ठलराव देतात. ते काय बाई हायत?"

बप्पा उठले. म्हशीला पेंड घातली होती तरी पुन्हा घालायला गेले. मोठीआईनं माझा हात धरला आणि ओठ हलवले. मला एवढंच कळलं: मोजू नको.

२

मी हो म्हणाले, कारण मला तसंही पहाटे उठायचं होतं. प्राणिशास्त्राच्या सरांनी प्रकल्प दिला होता. रोज सूर्योदयाआधी एकाच जागी वीस मिनिटं उभं राहायचं आणि मोबाइलवरच्या अ‍ॅपनं पाखरांचे आवाज टिपायचे. अ‍ॅप मोफतच आहे. ते ऐकत राहतं आणि ज्या पाखराचा आवाज ओळखतं त्याचं नाव यादीत टाकतं. शेजारी टक्के दाखवतं, म्हणजे त्याची स्वतःची खात्री किती. पाखरू पुन्हा बोललं की त्याच्या नावाची ओळ पिवळी होते. टिपलेला आवाज वेबसाइटवर चढवला की कुठल्यातरी शहरातला जाणकार तो तपासून शेरा देतो.

पहिल्याच सकाळी साळुंकी, होला, सातभाई, दयाळ, कोतवाल. ओळी अशा पटापट पिवळ्या व्हायला लागल्या की मी एकटीच हसायला लागले. वीस वर्षं हे आवाज ऐकत होते आणि मला चिमणी-कावळ्यापलीकडे एकाचं नाव येत नव्हतं.

विठ्ठलराव त्यांच्या दारात तोंड धूत होते. "काय गं, मोबाइलला इचारून पाखरं वळखती का? उद्या म्हैस दावून इचारशील, बाबा ही म्हैसच हाय न्हवं?"

"तुमचा आवाजपण सांगतंय हे. बघा."

खरंच सांगत होतं. यादीत खाली "माणूस" अशी एक ओळ होती. बोलणं मध्ये मिसळलं तर तपासणाऱ्याला कळावं म्हणून ती ठेवलेली. विठ्ठलराव बोलले की ती पिवळी. ९९ टक्के.

"एक टक्का कुठं गेला गं?" विठ्ठलराव म्हणाले आणि बराच वेळ स्वतःच्याच विनोदावर हसत बसले. मग एकदम चूळ टाकली आणि सरळ उभे राहिले. गल्लीच्या टोकाकडून ते आलं होतं.

शेजारच्या भिवराबाईच्या घरापाशी एकदा. तिचं बारीक, किनरं "हाय". विठ्ठलरावांच्या घरापाशी, त्यांचं "हाय, हाय, हाय, हाय". मग आमच्या मागच्या बांधावरच्या कडुलिंबातून, चिरकं, घशात अडकल्यासारखं.

मी वर बघितलं नाही. फोनकडे बघितलं. ठिपकेवाला पिंगळा, ७१ टक्के.

एवढंच! अख्ख्या गावानं जन्मभर ज्याची भीती घातली ते मुठीएवढं घुबड. मी मोठ्यानं "हाय" म्हणाले, मुद्दाम. पुन्हा ओरडलं. पिंगळा, ७४. "हाय."

तिसऱ्यांदा ओरडलं. पिंगळ्याची ओळ पांढरीच राहिली. खालची पिवळी झाली.

माणूस, ९ टक्के.

मी अजून तोंड उघडलं नव्हतं. "हाय" नंतर म्हणाले.

३

अशा चुका होतात, हे मला माहीत आहे. त्याच अ‍ॅपनं आमच्या पाण्याच्या मोटारीला टिटवी म्हटलं होतं. नऊ टक्के म्हणजे काहीच नाही.

मला खटकलं ते दुसरंच. नियम मोडून मी मोजत होते. प्रकल्पाच्या वहीत प्रत्येक आवाज लिहायचाच असतो, त्यामुळे न मोजणं शक्यही नव्हतं. आठ दिवसांची वही समोर ठेवली. भिवराबाईकडे रोज एक, तिचा एकुलता एक मुलगा टोळीत आहे. विठ्ठलरावांकडे रोज चार, दोन मुलं, दोन सुना. बद्रीनाथ लोहाराच्या कुलपाच्या घरापाशी तीन, घरातून गेलेली माणसं तीन. एकही दिवस कमी-जास्त नाही.

आमच्याकडे अण्णा आणि माय. दोन. आणि पाखरू रोज तीनदा ओरडत होतं.

जेवताना विचारलं. "बप्पा, आपल्या घरातून टोळीत तिसरं कोण गेलंय?"

मला वाटलं होतं, हसतील नाहीतर चिडतील. बप्पांनी भाकरीचा तुकडा परत ताटात ठेवला.

"तू मोजलंस?"

"मी विचारलं काय, तुम्ही बोलता काय."

"मोजलंस का तू?"

"मोजलं. रोज मोजते. लिहूनपण ठेवते. पिंगळा हाय तो, बप्पा. त्याला गणित येत न्हाई, मग आपलं घर आलं की तीन कुठून येतात?"

मोठीआईनं माझ्या ताटात न मागता अजून एक पळी कालवण टाकलं. बप्पांनी हात धुतला आणि जाताना एवढंच म्हणाले, "म्हनत जा बाई. इचारू नको. तुझ्या मायबापाचा जीव हाय त्यात."

हे वाक्य मला आवडलं नाही. आईबापाच्या जिवावर बोट ठेवलं की पोरगी गप्प बसते, हे आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना पक्कं ठाऊक आहे. खरं सांगायचं तर मीही गप्प बसले. माझा त्या नियमावर विश्वास नव्हता, तरी तिनांतला एकही "हाय" गाळायची हिंमत होईना.

४

मग मला वाटलं, बप्पाच करतात.

विचार करा. "मला न्हाई जमत" म्हणणारा माणूस. हजरीच्या वेळी कधी अंगणात नसायचे. गोठ्यामागे जाऊन कुणी घोगरा आवाज काढला तर अ‍ॅपला तो थोडा माणसासारखा वाटणारच. आता तिसऱ्या आवाजाचा आकडा ९ वरून ३१ वर गेला होता. का करत असतील ते कळेना, पण म्हातारी माणसं धाक टिकवायला काय वाटेल ते करतात.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांना अंगणातच अडवलं. "बप्पा, इथं बसा. मला एकटीला भ्या वाटतं." खोटं बोलले. ते बाजेवर बसले, मिशरी लावलेलं बोट तोंडात, ओठांच्या कडेला काळी लाळ. मोठीआई चुलीपुढे, मला तिची पाठ दिसत होती. भिवराबाई तिच्या दारात. विठ्ठलराव त्यांच्या दारात. सगळी माणसं माझ्या डोळ्यांपुढे.

पिंगळा. "हाय." पिंगळा. "हाय."

तिसरा आवाज कडुलिंबातून आला नाही. गोठ्याच्या पत्र्यावरून आला. आणि त्याच्याआधी पत्रा वाजला. त्यावर साळुंक्या रोज नाचतात, त्यांच्या नखांची टिकटिक मला पाठ आहे. ही टिकटिक नव्हती. कुणी वर पाय दिला की पत्रा मधोमध दबतो आणि पाय उचलला की टणकन् वर येतो, तो आवाज.

बप्पांचं बोट तोंडातच होतं. डोळे मिटलेले.

माणूस, ४४ टक्के.

त्या दिवसाचा आवाज मी वेबसाइटवर चढवला. संध्याकाळी शेरा आला. "पहिले दोन आवाज पिंगळ्याचे, बरोबर. तिसरा काढून टाका. प्रकल्पासाठी पक्ष्यांची नक्कल करू नये."

मी तडकून लिहिलं, "नक्कल मी केलेली नाही. तो आवाज पन्नास फुटांवरून आला."

पाच मिनिटांत उत्तर. "आवाज फोनपासून फार तर हातभर अंतरावरचा आहे. दम घेतल्याचंही ऐकू येतं. तुमच्या मागे कुणी उभं होतं का?"

मी इअरफोन लावून ऐकलं. दम घेतल्याचं ऐकू येत होतं. तो माझाही असू शकतो, असं मी स्वतःला सांगितलं.

५

डिसेंबरात मला सर्दी झाली, आवाज पूर्ण बसला. चार दिवस मी आणि मोठीआई दोघी शेजारी उभ्या राहून नुसती हवा सोडत होतो. त्या चार दिवसांत आकडा ५८ वरून ५२, ४५, ४१ असा खाली आला. पत्राही वाजला नाही, आवाज पुन्हा बांधावर गेला. पाचव्या दिवशी माझा घसा सुटला, मी स्वच्छ "हाय" म्हणाले आणि त्याच सकाळी ६६.

ही नोंद मी तीनदा तपासली. प्रयोगशाळेत अशी नोंद आली असती तर आनंदानं उड्या मारल्या असत्या.

हाक न्हाणीच्या भिंतीवर आली, मग ओसरीच्या खांबापाशी. पण नियम अर्धाच मोडला होता मी. मोजत होते, वर अजून बघितलं नव्हतं. रविवारी फोन डोक्यावर धरून, मान खाली ठेवून, आवाजाच्या दिशेनं फोटो काढला. त्याच अ‍ॅपमध्ये फोटोवरून पाखरू ओळखायची सोय आहे. फोटो टाकला. चक्र फिरत राहिलं. मग अक्षरं आली:

"पक्षी आढळला नाही. कृपया व्यक्तींचे फोटो टाकू नयेत."

फोटोत ओसरीचा खांब होता, पत्र्याची कड आणि तिच्यावर वाकलेली शेवग्याची फांदी. पानांवर परळीच्या थर्मल वीजकेंद्राची बारीक राख बसलेली, थंडीत बसते तशी. दुसरं काही नाही. मी फोटो मोठा केला. अजून मोठा केला. पत्र्याच्या कडेला, पानांमागे, निळ्या चौकड्यांचा चार बोटं रुंद तुकडा होता. कापड असावं. पूर्ण बाहीच्या शर्टाची मनगटाजवळची पट्टी असते, तशी. बटण लावलेलं.

बटणाच्या पुढे जे होतं ते शेवग्याच्या शेंगांमागे गेलं होतं. शेंगाच असाव्यात. पाच होत्या.

मी फोटो पुसून टाकला. दुपारी वाटलं पुसायला नको होता, पण तोवर उशीर झाला होता.

६

ऊस तोडताना पाचटानं हात कापू नयेत म्हणून बाया लुगड्यावर पुरुषाचा पूर्ण बाहीचा शर्ट घालतात. माय अण्णांचा घालते. हे आठवलं आणि मग राजनंदिनी आठवली.

राजनंदिनी म्हणजे बप्पा-मोठीआईची मुलगी, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. मी तिला तायडी म्हणायचे. मी नऊ वर्षांची असताना हंगाम संपवून सगळे परत आले आणि ती आली नाही. "तिकडंच लगीन लावलं तिचं, चांगलं स्थळ आलतं," असं मला सांगितलं. मी पाच-सहा दिवस रुसले, लग्नातल्या जेवणाला मुकले म्हणून. पुढे तिचं नाव घरात निघालं नाही आणि मलाही ते कधी विचित्र वाटलं नाही. याची मला आता लाज वाटते.

मोठीआईला सहज विचारलं, "तायडीचं सासर कुठलं गं?" तिनं जमिनीवर बोटानं लिहिलं: बार्शी.

गोठ्यात बप्पांना विचारलं. "तिकडं, कर्नाटकात. लई लांब."

मग मी अण्णांना फोन लावला. मागे कोयत्यांचा खचाखच आवाज, कुणीतरी मुकादमाला हाका मारतंय.

"अण्णा, तायडी कुठंय?"

कोयत्यांचा आवाज चालूच होता. फक्त एक जवळचा कोयता थांबला.

"मोठीआईला इचार."

"ती बार्शी म्हणती, बप्पा कर्नाटक म्हणतात. तुमी काय म्हणता, दिल्ली?"

"शिले." अण्णा माझ्यावर कधी ओरडत नाहीत, तेव्हाही ओरडले नाहीत. "तू हजरी देतीस न्हवं रोज? तिन्ही?"

मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं की तीन आहेत.

७

त्या दुपारी मी मोठीआईसमोर जाऊन बसले आणि उठले नाही. ती तांदूळ निवडत होती. शेवटी तिनं सूप बाजूला ठेवलं आणि बोलली. त्या हवेच्या आवाजात एकेक शब्द ऐकायला मला तिच्या तोंडापाशी कान न्यावा लागला.

"फडात होतो. उन्हाचं. तहान लागली म्हनली. उसातनं पलीकडं पानी हाय, घेऊन येते म्हनली. तुझ्या बप्पाचा निळा शर्ट हुता अंगात." तिनं दम घेतला. "आत गेली. आली न्हाई. हाका मारल्या. आतून ओ देत हुती ना. मी हाक मारायची, ती 'हाय' म्हनायची. येत न्हवती नुसती."

"मग?"

"मग चारी अंगानं तोडायला लागलो. समदी टोळी. आमी तोडत आत, ती आतून ओ देतीय. मधी चार सऱ्या राहिल्या. मग दोन. मग एक. शेवटची सरी तुझ्या बप्पानं तोडली."

"आणि?"

तिनं सूप परत मांडीवर घेतलं. खडे शोधायला लागली.

"मोठीआई, आत काय होतं?"

"काय न्हवतं. मोकळं रान. पन ओ येत हुती."

चुलीवर दूध उतू गेलं, दोघींपैकी कुणी उठलं नाही. थोड्या वेळानं तिनं माझ्या गालाला हात लावला आणि हसली. कितीतरी वर्षांत ती अशी हसली नव्हती.

"माझ्या आवाजानं बारा वर्सं बांधावरच राहिली. तुझा आवाज कवळा हाय. तिला लागू पडला. आता बघ, ओसरीपतूर आली."

मला तेव्हा समजलं की पत्र्याचा आवाज या घरात फक्त मलाच नाही, सगळ्यांना ऐकू येत होता. त्यांनी मला उगीच उभं केलं नव्हतं.

८

परवा संध्याकाळी मोठीआईनं आतली खोली सारवली. पेटीतून एक लुगडं काढून दोरीवर टाकलं, कोपऱ्यात तांब्या भरून ठेवला. मी बघत होते. काल पहाटे उठले तर विठ्ठलराव आणि भिवराबाई आपल्या दारची हजरी शेजाऱ्यांवर सोपवून ओसरीत येऊन बसलेले, लग्नघरी बसतात तसे, अंगावर धुतलेले कपडे. बप्पा दाराच्या आत, भिंतीला टेकून, मोठीआई त्यांच्या शेजारी.

"आज अंगणात न्हाई," बप्पा म्हणाले. "आज आतून म्हन. उंबऱ्याच्या आतून. दार उघडं ठेवून."

"म्हणजे ती आत येईल."

कुणी नाही म्हणालं नाही.

"शिले," भिवराबाई म्हणाली, "लेकरू हाय त्यांचं. एका शब्दाचं काम. तुझं काय जातंय?"

"एवढं शिकून दगडच राहिली," विठ्ठलराव हळू बोलले. त्यांच्या बोलण्यात नेहमीचा विनोद नव्हता.

मी फोन काढला आणि अण्णांना लावला. चौघांच्या समोर, आवाज मोठा करून. "अण्णा, बरे हाव का? माय?" "हाव की. कोपीत हावत, च्या पितोय. कावून?" माय मागून म्हणाली, पोरीला ऊन कपडे घालायला सांगा. मी फोन ठेवला, अ‍ॅप सुरू केलं आणि फोन मधोमध बाजेवर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा, आणि आतल्या खोलीकडे पाठ करून उभी राहिले.

ते आलं.

पिंगळा, ७३. मी "हाय" म्हणाले. अण्णा आहेत, मी आत्ता त्यांच्याशी बोलले. पिंगळा, ७५. "हाय." मायसुद्धा आहे.

तिसरा आवाज पत्र्यावरून आला नाही, ओसरीतूनही आला नाही. माझ्या मागून, आतल्या खोलीतून आला, जिथे लुगडं टाकलं होतं. ते आता ओरडणं राहिलं नव्हतं. पण त्यात शब्द नव्हते. कुणी शब्द आठवायचा प्रयत्न करत असावं, तसं काहीतरी. तांब्या जमिनीवर किंचित सरकला.

माणूस, ९६ टक्के.

"म्हन," बप्पा म्हणाले. "म्हन, माझे बाई."

मी मागे वळले नाही. बप्पांकडे बघितलं.

"मी म्हणणार न्हाई."

"शिले!"

"न्हाई म्हणणार. शेवटची सरी तुम्ही तोडली, बप्पा. तुम्ही स्वतः बघितलं तिथं कुणी न्हवतं. आणि बारा वर्सं दुसऱ्याच्या तोंडून 'हाय' म्हणून घेताय. आधी मोठीआईच्या, आता माझ्या. मला तायडी पायजे हाय. तुमच्याइतकीच पायजे हाय. पण जे उसातून ओ देत होतं आणि उसात न्हवतं, ते तायडी कशावरून?"

"तीच हाय ती," मोठीआई म्हणाली. त्या हवेतही ते मला स्पष्ट ऐकू आलं.

"मग तू म्हण. बप्पा, तुम्ही म्हणा. तुमचा आवाज मारुतीच्या देवळापर्यंत जातो. विठ्ठलराव, तुम्ही रोज चारदा म्हणता, पाचवं म्हणायला काय जातंय? म्हणा ना. मी आडवी येत न्हाई."

बप्पांनी तोंड उघडलं. मग त्यांनी तोंड मिटलं आणि जमिनीकडे बघत राहिले. विठ्ठलरावांनी उपरणं तोंडावर धरलं. भिवराबाईनं पदर दातात घेतला. मोठीआई माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या खांद्याच्या वर, मागे बघत होती, आणि बघता बघता तिच्या चेहऱ्यावरचं ते हसू कमी कमी होत गेलं. मी श्वास धरला.

कुणीच बोललं नाही. साळुंक्यासुद्धा गप्प होत्या.

बाजेवर फोन चालू होता. यादीतल्या सगळ्या ओळी पांढऱ्या झाल्या होत्या, फक्त सगळ्यांत खालची पिवळी होती, आणि ती पिवळीच राहिली.